मांजराच्या मार्फत

अंबूबाई : न्हाई, त्याच्या आधीचा. तुमचं बोट हाय त्यो. वाचताना तुमी त्यो शब्द जरा ठासून वाचलासा.

वकील : हा? रूथलेस.

अंबूबाई : व्हय, त्योच. रूथलेस. म्हंजे काय?

वकील : अंबूबाई, कोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं. शब्द न् शब्द समजून घ्यायचा म्हटला तर दिवाळीपर्यंत इथेच बसू. मी तुम्हाला मराठीत सार सांगितलं. आता खाली सही करा, म्हणजे मी निघायला मोकळा.

अंबूबाई : सार वाढलासा, आता भात बी वाढा की. नुसत्या सारानं पोट भरतंय व्हय? सही माझी आणि शब्द तुमचा. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?

वकील : निर्दय. रूथलेस म्हणजे निर्दय. दयामाया नसलेला. झालं?

अंबूबाई : कोण?

वकील : कोण म्हणजे? परसू. तुमचे यजमान.

अंबूबाई : आमचं मालक? निर्दय?

अक्का : अंबूबाई, कॉफी घ्या. बसून घ्या स्वल्प, उभ्याने नको. आणि त्याला सांगा, त्याची कॉफी टेबलावर ठेवली आहे म्हणून. निवली की तो तोंड लावत नाही, आणि दुसरी करायला घरात दूध नाही.

अंबूबाई : वकीलसाहेब, अक्का म्हणत्यात—

वकील : ऐकलं. त्यांना विचारा, साखर घातली का.

अंबूबाई : अक्का, साखर घातलीसा काय?

अक्का : घातली नाही म्हणून सांगा. डॉक्टरांनी नको म्हटल्यापासून घालत नाही.

अंबूबाई : घातली न्हाई म्हणत्यात. आवो, पर तुमी दोघंबी हितंच हाईसा की! त्या दारात, तुमी खुर्चीत. माझ्या डोक्यावरनं कशाला बोलतासा?

अक्का : असंच असते आमच्यात. तुम्ही प्या.

वकील : आपण कामाचं बोलू. हे पाहा, अकराला कोर्ट बसतं. आज कैफियत दाखल झाली नाही तर पुढची तारीख मिळणार नाही, जज्जांनी मागच्या वेळी बजावलं आहे. परसूने अर्ज काय केला आहे? बायको कारण नसताना घर सोडून गेली, तिला नांदायला पाठवा. तुम्ही का सोडून गेलात याचं कारण आपण दाखवलं नाही तर कोर्ट म्हणणार, जा बाई नांदायला. मग तुम्ही त्या मावशीकडे, कॉटनपेटेत—

अंबूबाई : गंगव्वाकडं. उदबत्त्या वळतो आमी दोघी. बगा, हात कसं झाल्यात काळं. म्हणून कागदाला हात लावत न्हाई मी.

वकील : तर त्या गंगव्वांकडे राहता येणार नाही. कारण दाखवावं लागतं, आणि कायद्याला चालेल असं एकच कारण आहे. छळ. म्हणून मी लिहिलं आहे की नवरा दारू पितो, मारहाण करतो आणि अत्यंत रूथलेस माणूस आहे. सगळे असंच लिहितात. करा सही.

अंबूबाई : दारू? त्येंनी? आवो, त्येंनी सोडा पिलं तर शिंकत्यात. आणि मारहाण कसली? माझ्यावर हात उगारलेला न्हाई कदी. खोटं कशाला बोलू?

वकील : शिव्या?

अंबूबाई : न्हाई.

वकील : दुसरी बाई?

अंबूबाई : तुमचं आपलं काय तरीच. गिरणीतनं सुटलं की घर, घरातनं निघालं की गिरणी.

वकील : उपाशी ठेवलं? घराबाहेर काढलं?

अंबूबाई : पगार झाला की सगळा देवाच्या फळीवर ठेवणार. त्यातनं विडीपुरतं बी मला न दाखवता घेणार न्हाईत.

वकील : अंबूबाई, मी थकलो आहे. सकाळपासून डोकं दुखतं आहे, कारकून गुंडो गावी गेला आहे, त्यामुळे टायपिंगही मीच केलं. ज्या नवऱ्याने मारलं नाही, टाकलं नाही, उपाशी ठेवलं नाही, त्याला सोडून तुम्ही आलात. का आलात?

अंबूबाई : मांजर मेलं म्हणून.

वकील : काय?

अंबूबाई : आमचं मांजर मेलं. मनी. म्हणून मी घर सोडलं.

वकील : हे मी जज्जसाहेबांना सांगू?

अंबूबाई : तुमी विचारलासा, मी सांगितलं. पर त्याच्या आधी मला ह्यो शब्द नीट सांगा. कुणाला म्हणत्यात रूथलेस? कसा वापरत्यात?

वकील : कसा म्हणजे, अशी उदाहरणं किती देऊ? एखादा राजा गाव जाळतो आणि शांतपणे जेवायला बसतो, तो रूथलेस. आजारी माणसाला कामावर उभा करणारा मुकादम, तो रूथलेस. उन्हाळ्यालासुद्धा म्हणतात. माणूस, गुरं, झाड, काही बघत नाही तो.

अंबूबाई : मग न्हाई. आमचं मालक त्यात बसत न्हाईत. शेजारच्या तमिळ बाईचं पोरगं तापानं फणफणलं तर त्येंनी रातभर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. गुळाला मुंग्या लागल्या तर फुंकर मारून एकेक उडवत बसत्यात, गूळ उन्हात ठेवा म्हटलं तर ठेवू देत न्हाईत. मनी त्येंच्या गिरणीच्या पँटीवर व्याली. तर हे धोतर नेसून कामावर गेलं. साहेबानं दंड केला. पँट हलवली न्हाई ती न्हाईच.

वकील : म्हणजे दयाळू माणूस.

अंबूबाई : लई दयाळू. समद्यांच्या वाटणीला आली त्येंची दया, माझ्यापतूर यायची तेवढी ऱ्हायली.

वकील : मग तो शब्द चालतो. एकाच माणसाच्या बाबतीत दया नसली तरी चालतो. झालं तुमचं समाधान? करा सही. 

अंबूबाई : घाई करू नका. येळ हाय अजून. गंगव्वा म्हणालीया, आज शुक्रवार हाय, सही करायची तर साडेधाच्या आत कर, न्हाईतर राहुकाळ—

वकील : या घरात राहुकाळ बघत नाहीत.

अंबूबाई : बंगळुरात ऱ्हाऊन? आवो, आमी निपाणीकडची माणसं, हितं आल्यावर शिकलो राहुकाळ बगायला. हितला तर दुकानदार बी—

वकील : या घरात तो शब्द काढू नका, अंबूबाई. एवढं ऐका.

अंबूबाई : बरं, न्हाई काढत. अक्का, तुमी का हो चाललासा आत?

अक्का : चूल बघून येते. विझली असेल.

अंबूबाई : काय चुकलं काय माझं?

वकील : काही नाही. मांजर. सांगा ते मांजराचं.

अंबूबाई : मांजराच्या आधी सासूचं सांगाय लागंल. त्येंची आई गावाकडं हुती, निपाणीच्या जवळ. त्यावेळेला हे गिरणीत बदलीवर हुतं. कोण गैरहजर असला तर काम, न्हाईतर दारात उभं ऱ्हायचं. अशी किती वर्सं काढली. मग एकदाची कायम करायची तपासणी आली. डाक्टर बगणार, साहेब बगणार, सकाळी आठाला. आणि आदल्या दिवशी दिवेलागणीला गावाकडनं त्येंचा चुलतभाऊ आला. म्हणाला, म्हातारीचं काय खरं न्हाई, परसूला घिऊन जायाला आलोय.

वकील : आणि परसू?

अंबूबाई : पाळीवर हुतं. मी त्यास्नी म्हटलं, भावजी, आजची रात गप बसा. पाया पडते. म्हातारी आजारी पडायची आणि उठायची, असं चारदा झालतं. सकाळी त्येंनी कायम हुतील, मग दुपारच्या गाडीनं जावा दोघं. भावजी गंगव्वाकडं झोपाय गेलं. हे आलं, जेवलं, झोपलं. मी त्येंच्या शेजारी जागी. तोंडात शब्द धरून बसलेली.

वकील : कायम झाले?

अंबूबाई : झालं. म्हैसूरपाक घिऊन आलं. आईला पाठवाय पायजे म्हणालं. तवा मी सांगितलं. पोचलं तवा राख सावडालते लोक. आईचं तोंड बगाय मिळालं न्हाई. परत आलं, चप्पल काढली आणि म्हणालं, "त्या राती तू बोलली न्हाईस. आता आपल्यात बोलायचं काय काम न्हाई." ते शेवटचं.

वकील : शेवटचं म्हणजे?

अंबूबाई : शेवटचं म्हंजे शेवटचं. अबोला. तवापासनं माझ्याशी एक अक्षर न्हाई. किती दिवाळ्या झाल्या ते मोजायचं बी मी सोडलं.

वकील : आणि तुम्ही दोघं एकाच घरात?

अंबूबाई : एकाच खोलीत. लाईनीतलं घर ते, दुसरी खोली हाय कुठं? पर मनी हुती न्हवं. तिला सांगायचं. "मनी, सांग तिला, आज दुसरी पाळी हाय." "मनी, आमटीला मीठ न्हाई." मग मी बी शिकले. "मनी, सांग त्येंना, मीठ म्होरंच हाय, हात पोचतोय." एकदा तर त्येंचं बोलणं चाललं असताना मनी मधीच उठून भाईर गेली. त्येंनी वाक्य अर्धंच ठेवलं. ती परत येईस्तवर घास हातात धरून बसलं. मला हसू आलं हो. त्येंना बी आलं, मिशीत. वाटलं, आता सुटंल.

वकील : पण नाही.

अंबूबाई : न्हाई. तरी आमचं बरं चाललतं. खोटं कशाला बोलू? मांजराच्या मार्फत का हुईना, त्येंचा आवाज माझ्यासाठी निघत हुता. मग मनी म्हातारी झाली आणि मेली. त्येंनी तिला तुळशीजवळ पुरली. आईला रडलं न्हवतं एवढं रडलं. मला वाटलं, आता बोलतील. घरात आता दुसरं हाय कोण? त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं. मूठभर. मुद्दाम.

वकील : का?

अंबूबाई : का म्हंजे? खारट लागंल, तोंडातनं शब्द निघंल. शिवी तरी निघंल. त्येंनी पहिला घास घेतला. थांबलं. भिताडाकडं बगितलं. आणि ताटातली सगळी भाजी खाल्ली. पुसून खाल्ली. तांब्याभर पाणी पिलं, हात धुतलं, झोपलं. मी सकाळी गाठोडं बांधलं.

अक्का : अय्यो.

अंबूबाई : तुमी कवा आलासा अक्का?

अक्का : तुमच्या गोष्टीत मनी उठून बाहेर गेली तेव्हा. पुढे काय झालं?

अंबूबाई : पुढं काय, कोर्ट. आता नांदायला धाडा म्हणत्यात. ते बी वकिलाच्या मार्फत.

वकील : अंबूबाई, हे पाहा. मी तुम्हाला दोष देत नाही. पण अबोला हा छळ होत नाही. कोर्ट विचारेल, जखम कुठे आहे? साक्षीदार कुठे आहे? आणि माणसाच्या बाजूनेही विचार करा. दुःख होतं. सुरुवातीला राग असतो, तोंडातून शब्द फुटत नाही. मग राग जातो, पण तोवर दिवस गेलेले असतात. सकाळी उठून काय म्हणायचं? कुठून सुरुवात करायची? जितका उशीर होतो तितकं अवघड होतं. त्याला काही ते आवडत असतं असं नाही. त्याचंही तोंड दाबलेलंच असतं.

अंबूबाई : वकीलसाहेब, तुमी कुणाचं वकील?

वकील : तुमचा.

अंबूबाई : मग त्येंच्या बाजूनं का बोलालायसा?

अक्का : हे मीही विचारणार होते.

वकील : अंबूबाई, त्यांना सांगा, अशिलाशी बोलणं चाललं असताना मध्ये पडू नये.

अंबूबाई : अक्का, मधी— थांबा. थांबा जरा. आत्ता कळलं. तुमी बी?

अक्का : घरोघरी मातीच्या चुली, बाई. तुमच्याकडे मांजर होतं. आमच्याकडे कारकून आहे, गुंडो. सकाळी नऊला येतो, तेव्हा या घरात बोलणं सुरू होते. "गुंडो, भाजी काय आणू विचार." "गुंडो, उशीर होईल म्हणून सांग." रविवारी गुंडो नाही, तर रविवारी बोलणं नाही.

अंबूबाई : म्हंजे आज गुंडो गावाला गेलाय, म्हणून मी मांजर.

वकील : हे सगळं अनावश्यक आहे.

अंबूबाई : काय झालतं अक्का?

वकील : अंबूबाई!

अक्का : विचारू दे. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. याची बायको, पद्मावती. सोन्यासारखी पोर. पहिलटकरीण. दुखायला लागलं ते दुपारी. इस्पितळात न्यायला घोड्याचा जटका दाराशी आणला, गादी घातली. मी पंचांग बघितलं. मला सवयच ती, दूधवाला आला तरी बघायची. राहुकाळ लागत होता. मी म्हणाले, राहुकाळ आहे, सरू दे, मग निघा. पहिलं बाळंतपण, इतक्या लवकर काही होत नाही. आणि ती, बिचारी, "सरी अक्का, बरं" म्हणाली. उंबऱ्याच्या आत बसून राहिली. कपाळाला घाम. मी पदराने वारा घालत होते. निघाले तेव्हा उशीर झाला होता. ती गेली, मूल गेलं.

अंबूबाई : अरं देवा.

अक्का : तेराव्याला लोक गेले आणि याने माझ्याशी बोलणं सोडलं. मी याला वाढवलं, अंबूबाई. आमची आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता. मला नवरा नव्हता, मूल नव्हतं, हाच होता. पंचांग मी त्याच दिवशी चुलीत घातलं. तेही याने बघितलं. बोलला नाही.

अंबूबाई : आणि जटक्याला थांबा म्हणून कोण म्हणालं?

अक्का : मी म्हणाले, थांबू या.

अंबूबाई : ते झालं. पर भाईर जाऊन जटकेवाल्याला थांब म्हणून कुणी सांगितलं? तुमी तर पदरानं वारा घालत हुतासा.

अक्का : साकु, पुरे बाई. ते राहू दे.

वकील : मी सांगितलं.

अंबूबाई : तुमी?

वकील : मी. मी लॉ कॉलेजात शिकलेला माणूस. अक्का म्हणाली आणि मी बाहेर जाऊन जटकेवाल्याला म्हटलं, स्वल्प थांब. तो घोड्याला पाणी पाजायला घेऊन गेला. मी घड्याळाकडे बघत पायरीवर उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता. मी हलू शकलो असतो. मी हललो नाही.

अक्का : त्याला सांगा अंबूबाई, हे मला ठाऊक होतं म्हणून. मी कधी कुणाला बोलले नाही म्हणून सांगा.

अंबूबाई : ऐकू गेलं त्येंना.

अक्का : तरी सांगा.

अंबूबाई : वकीलसाहेब, अक्कांनी कुणाला सांगितलं न्हाई.

वकील : हं.

अंबूबाई : एक विचारू? त्यो शब्द. त्यात दया कुठं बसलीया?

वकील : कुठला? रूथलेस? त्यात... रूथ म्हणजे कणव. जुन्या इंग्रजीत म्हणत असत. लेस म्हणजे नसलेला.

अंबूबाई : मग कणव असलेल्याला काय म्हणत्यात?

वकील : रूथ हा शब्द आता कुणी वापरत नाही. तो गेला. नसलेला तेवढा राहिला.

अंबूबाई : आमच्या घरासारखंच झालं की. असलेली गेली, आणि न्हाई एवढंच ऱ्हायलं.

अक्का : त्याला सांगा अंबूबाई, मघाशी त्याने सांगितला तो अर्थ मला पटला नाही म्हणून. ज्याच्याजवळ कणवच नाही त्याला शब्द कशाला हवा? तो वाघ, तो साप. ते आपल्या वळणावर जातात, त्यांचा राग कोण धरतो? जवळ असते, कुलूप लावून ठेवलेली असते, मांजराला मिळते, अशिलाला मिळते, आणि घरातल्या एका माणसाला तेवढी मिळत नाही. त्याला हा शब्द.

अंबूबाई : ऐकलासा?

वकील : ऐकलं.

अंबूबाई : मग तसं लिवा की.

वकील : काय?

अंबूबाई : दारू खोडा. मारहाण खोडा. अबोला लिवा. मनी लिवा. भाजी लिवा.

वकील : कोर्ट हसेल.

अंबूबाई : हसू दे. मी बी हसले हुते, मनी उठून गेली तवा. पर दारू लिवलीसा आणि उद्या त्येंच्या वकिलानं मला विचारलं, बाई, कंची दारू? तर मी काय सांगू, सोडा?

वकील : तुम्हाला कळत नाही. ती कैफियत मला उभं राहून मोठ्याने वाचून दाखवावी लागणार. अबोला हा छळ आहे, घरातल्या माणसाशी न बोलणं हा मारण्यापेक्षा मोठा छळ आहे, असं मी, मी उभा राहून म्हणायचं?

अंबूबाई : मग दुसरं कोण म्हणणार?

वकील : मला ते जमणार नाही. दुसरा वकील बघा. मी चिठ्ठी देतो.

अक्का : त्याला सांगा, जमेल म्हणून. चौथीत असताना भाषण म्हणता येत नाही म्हणून रडत होता. मी दाराआड उभी राहिले आणि त्याने म्हटलं सगळं.

अंबूबाई : जमंल म्हणत्यात. आवो वकीलसाहेब, मला दुसरा वकील कुठं मिळणार आता? साडेनवाला? माझ्या भाषेत बोलणारा? नांदायला जा म्हणून हुकूम झाला तर मी त्या खोलीत काय करू सांगा. मनी बी न्हाई आता. भिताडाशी बोलू? मी मरंन हो तिथं. मारत्यात म्हणून न्हाई. गप ऱ्हाऊन ऱ्हाऊन.

वकील : परसू कोर्टात बोलला तर? जज्जांनी विचारलं, बायकोशी बोलशील का, आणि तो हो म्हणाला तर?

अंबूबाई : जज्जाला हो म्हटलेलं मला काय कामाचं? माझ्याकडं बगून म्हणाय पायजे. म्हणालं तर मी त्याच पावली घरी जाईन. गाठोडं बी मागं ठेवीन गंगव्वाकडं.

वकील : तेवढंच हवं तुम्हाला?

अंबूबाई : तेवढंच. आणि तेवढंच देत न्हाईत.

वकील : द्या तो कागद इकडे. शाईची बाटली कुठे गेली?

अक्का : त्याला सांगा, खिडकीत आहे, त्याच्या उजव्या हाताला.

वकील : मिळाली. दारू गेली. मारहाण गेली. "प्रतिवादी ही अर्जदाराच्या घरात राहात असताना, सासूच्या मृत्यूनंतर अर्जदाराने तिच्याशी बोलणं पूर्णपणे बंद केलं. घरातल्या गरजा तो मांजराला उद्देशून सांगत असे..." इंग्रजीत हे कसं दिसेल देव जाणे.

अंबूबाई : मनी म्हणून नाव घाला.

वकील : नाव नको.

अंबूबाई : घाला हो. ते ऐकलं की त्येंना समजंल, मी खरं सांगितलंय म्हणून.

वकील : बरं. मनी. आणि भाजी?

अंबूबाई : भाजी घाला. मीठ मी मुद्दाम घातलं ते बी घाला. भावजीस्नी त्या राती गप बसवलं ते पयल्यांदा घाला. माझी चूक लपवायची न्हाई.

वकील : ती घातली तर आपली बाजू कमजोर होते.

अंबूबाई : हुंदे. हाय ती हाय.

वकील : आता एवढाच राहिला. रूथलेस. काढू?

अंबूबाई : अक्का, काय करू?

अक्का : मी काय सांगणार? नवरा तुमचा.

अंबूबाई : ठेवा. मगाशी नको हुता, आता ठेवा. अक्कांनी सांगितला त्या अर्थानं.

वकील : ठेवला. इथे सही.

अंबूबाई : हात काळं हाईत.

अक्का : हा घ्या ओला फडका. पुसा. स्वल्प उजव्या अंगठ्याला पण लागलं आहे.

अंबूबाई : झाली बगा. चौथी शिकलीया मी, सही येतीया. वकीलसाहेब.

वकील : हं?

अंबूबाई : भर कोर्टात, समद्यांच्या म्होरं. त्येंना लागंल न्हवं?

वकील : लागेल. मलाही लागलं.

अंबूबाई : मग बाकीचं मोठ्यानं वाचा. त्यो शब्द तेवढा हळू वाचा.

वकील : हळू वाचतो.

अंबूबाई : मी म्होरं जाते. गंगव्वा बस स्टँडवर थांबलीया, तिला रस्ता गावत न्हाई. कोर्टाच्या पायरीशी हाय मी. अक्का, येते. कॉफी झ्याक हुती.

अक्का : या. निकाल काही लागू दे, येऊन सांगून जा.

(अंबूबाई पायऱ्या उतरून जाते.)

अक्का : अंबूबाई, त्याला सांगा, छत्री—

वकील : त्या गेल्या, अक्का.

अक्का : हो की. गेल्या.

वकील : छत्रीचं काय?

अक्का : काही नाही. दाराआड आहे. आणि ती कॉफी राहिली तशीच. निवली. दूध पण नाही आता.

वकील : निवलेलीच दे.